अंगठा कोणाचा, कागद कोणाचा?

आमच्या खानदेशात अंगठ्याचा इतिहास मोठा आहे. शहादा तालुक्यात भिल्लांच्या जमिनी सावकारांकडे आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या, त्यात कागदाचा हात मोठा होता. काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला ठाऊक, अंगठा देणाऱ्याला नाही. १९७०च्या आसपास अंबरसिंग सुरतवंती आणि पुढे श्रमिक संघटना लढली ती या गेलेल्या जमिनींसाठी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. म्हणून कागद पुढे आला की आमची जुनी माणसं अजून हात आखडतात. शिकलेल्यांना तो अडाणीपणा वाटतो. मला तो अनुभव वाटतो.

आता कागद घेऊन येतात ते संशोधनवाले. हेतू बरेचदा चांगलाच असतो. पण चांगल्या हेतूलाही विचारावं लागतं. २००९ साली आंध्रातल्या खम्मममध्ये आणि आपल्या शेजारच्या गुजरातेत वडोदऱ्याकडे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देऊन अभ्यास सुरू झाला. काही मुली दगावल्या. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही. पण आंध्रातली ९,५४३ संमतीपत्रं तपासली तर २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकाची नाहीतर मुख्याध्यापकाची सही. आईबाप कुठेच नाहीत. आमच्या सातपुड्यातल्या पोरीही आश्रमशाळेत शिकतात, म्हणून हे वाचताना पोटात गोळा येतो.

बरं, आईबापाची सही असली म्हणजे झालं का? सिकलसेलचं घ्या. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल वस्त्यांत हा आजार आहे. जो नुसता वाहक, तो सहसा धडधाकट राहतो. मात्र दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तपासणी गरजेचीच आहे. संशोधक कागदावर लिहितो, ‘सुई टोचल्याचं थोडं दुखेल.’ आमच्या गल्लीतल्या मोठ्या मायने अशाच एका रक्ततपासणीला आलेल्या पोराला विचारलं, “भाऊ, आंगठा मन्हा शे, पन कागद कोना शे? वाचीसन सांग ना. आन हाई गोट पोरना सासरले कळी का?”

सुईचं दुखणं डॉक्टरला दिसलं. मोडलेली सोयरीक त्याला दिसली नाही, ती मोठ्या मायला दिसली. इजा कशाला म्हणायचं, हे ज्याला ती सोसायची आहे त्यालाच आधी कळतं.

आपल्याकडे नियम आहेत. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात जण हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि एक सामान्य माणूस. पण त्या खुर्चीवर शहरातला निवृत्त प्राध्यापक बसला तरी नियम पाळला जातो. सगळा अर्ज तयार झाल्यावर, जाड इंग्रजी बाड समोर ठेवून, ‘तुमचं काही म्हणणं?’ असं विचारलं तर तो तरी काय बोलणार? आणि मोठी माय तिथे बसली तर तिची त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

अडचण इथेच संपत नाही. गावाचा आवाज म्हणजे कोणाचा? सरपंचाने मान डोलावली म्हणजे टोकाच्या वस्तीवरच्या बाईने होकार दिला, असं होत नाही. तसं झालं तर अधीक्षकाच्या जागी सरपंच आला, एवढाच फरक. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे, समाजाची परवानगी ही त्या त्या माणसाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून मला दोन्ही हवं वाटतं. प्रश्न ठरवताना वस्तीतला, आजार सोसलेला माणूस बैठकीत असावा. बोलणं त्याच्या बोलीत व्हावं, मजुरी भरून द्यावी, आणि निकाल काय लागला ते गावात येऊन सांगावं. आणि एवढं सगळं झाल्यावरही दारात उभी असलेली बाई ‘नही’ म्हणाली, तर कारण न विचारता पुढच्या घरी जावं.