पाळणाघराला मार्क कोण देणार?

हॉटेलातलं जेवण वाईट निघालं तर जेवणारेही आपण आणि एक स्टार देणारेही आपणच. कॅबवाला उर्मट वागला तर तक्रार आपणच करतो. सेवा घेणारा आणि तिच्याबद्दल बोलणारा माणूस एकच असतो, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्याचा कधी विचारही करत नाही. पाळणाघराच्या दारात हे गृहीतक कोसळतं. तिथे सेवा घेतं दीड वर्षाचं मूल, पैसे देतात आईवडील, आणि रेटिंगही आईवडीलच देतात. जे तिथे दिवसाचे नऊ तास काढतं त्याला अजून वाक्य जोडता येत नाही. जे मार्क देतात ते रोज दारात जेमतेम पाच मिनिटं उभे असतात.

मग चांगलं पाळणाघर म्हणजे काय, हे ठरवायचं कोणी आणि कशावरून?

माझ्यासमोर हा प्रश्न आला तो ताईमुळे. पुण्यात ती ज्या कंपनीत आहे तिथे तीसेक माणसं आहेत. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. ५० च्या खाली मात्र तुमचं तुम्ही बघा. भाची चौदा महिन्यांची असताना ताईने शोधाशोध सुरू केली, आणि घरातला सॉफ्टवेअरवाला म्हणून एक्सेल शीट करायचं काम माझ्याकडे आलं. अंतर, फी, किती मुलांमागे किती मावश्या, कॅमेरा, जेवण, स्वच्छता, खेळणी असे कॉलम पाडले. दोन-तीन ठिकाणी ताईबरोबर मीही गेलो.

आई शीटकडे बघून म्हणाली, "माया काय अशी मोजता येते का रे?" घरोघरी हेच ऐकू येतं. ते खरंही आहे, पण त्यातून मोजूच नये असं निघत नाही. एका मावशीला दोन हात असतात. तिच्याकडे चार तान्ही मुलं असली आणि तिघं एकदम रडली, तर एकाला थांबावं लागणार. ती कितीही मायाळू असली तरी हे गणित बदलत नाही. म्हणून 'किती मुलांमागे किती मावश्या' हा आकडा कोरडा वाटला तरी नैतिक आहे. किती मुलांना रोज, ठरवून, रडत ठेवलं जाणार आहे, ते तो सांगतो.

खेळण्यांचा कॉलम मात्र फसवा निघाला. रंगीत घसरगुंडी आणि भिंतीवरची कार्टून्स बघून आईवडील खूश होतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून खडे, शिंपले, पानं, बिया अशा आसपासच्या वस्तू घेतल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. साधनं स्वस्त झाली म्हणून दर्जा उतरला नाही, कारण त्यांची नजर साधनावर नव्हती, मुलावर होती.

ही नजर नक्की कुठे असावी, याचं एक उत्तर तत्त्वज्ञ नेल नॉडिंग्ज यांच्या १९८४ च्या 'केअरिंग' या पुस्तकात मिळतं. त्यांच्या मते काळजी घेणारा काय करतो एवढ्याने काळजी पूर्ण होत नाही. ती समोरच्यापर्यंत पोचावी लागते, त्याने ती कुठल्या ना कुठल्या रूपात स्वीकारावी लागते. म्हणजे मावशीचं प्रमाणपत्र, तिचा गोड आवाज, संचालिकाबाईंची तळमळ हे सगळं खरं असूनही काळजी अर्धीच असू शकते. उरलेला अर्धा भाग मुलाच्या चेहऱ्यावर, अंगात, झोपेत शोधायचा असतो.

पण मुलाकडे बघायचं म्हणजे तरी काय बघायचं? पाळणाघराच्या दारात ऐकू येणारं सगळ्यात दिलासा देणारं वाक्य आहे, "आता रुळली हो तुमची लेक." रडायची थांबली, म्हणजे रुळली. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली लंडनच्या एका हॉस्पिटलात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली होती. तेव्हा तिकडे मुलांना भेटायच्या वेळा कडक असत. आईवडील आले की मुलं रडतात, त्यापेक्षा ते न आलेले बरे, असा समज होता. त्या फिल्ममधली मुलगी फारशी आकांत करत नाही. ती गप्प राहते, स्वतःला आवरते. वॉर्डमध्ये ज्याला रुळणं म्हणत होते, ते रॉबर्टसन यांना आशा सोडणं वाटत होतं. डॉक्टर मंडळी आधी चिडली, पण वाद पेटत गेला आणि १९५९ च्या प्लॅट अहवालाने मुलांना भेटायला वेळेचं बंधन नको, अशी शिफारस केली.

घर आणि हॉस्पिटल यात फरक आहे, तसाच हॉस्पिटल आणि पाळणाघर यातही आहे. पाळणाघरातलं मूल संध्याकाळी घरी येतं, आणि बहुतेक मुलं खरोखरच रुळतात. तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शांतता हा पुरावा दोन्ही बाजूंनी वापरता येतो. समाधानी मूल शांत असतं आणि रडून उपयोग नाही हे शिकलेलं मूलही शांत असतं. फरक कळतो तो मूल रडल्यावर. रडल्यावर ते कोणाकडे तरी जातं का? ठेच लागल्यावर मान वळवून एखादा विशिष्ट चेहरा शोधतं का? ज्या खोलीत एकही मूल रडत नाही तिच्यापेक्षा, ज्या खोलीत रडणारं मूल नेमक्या एका मावशीकडे धावतं, ती खोली मला जास्त भरवशाची वाटते.

इथे कोणीतरी म्हणेल, एवढं कशाला, कॅमेरा आहे की. हा मुद्दा हलका नाही. २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याच्या फुटेजमधूनच सगळ्यांसमोर आली. ती मुलगी स्वतः काही सांगू शकली नसती. जिथे साक्षीदार बोलू शकत नाही तिथे यंत्राची साक्ष लागते, आणि कॅमेऱ्याला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण कॅमेरा क्रौर्य पकडतो, उदासीनता पकडत नाही. मारलेली थप्पड स्क्रीनवर दिसते. न दिलेलं उत्तर दिसत नाही. तासभर कोणी न बोललेलं मूल स्क्रीनवर शांतपणे खेळणारं मूल दिसतं. शिवाय बघितलं जातंय म्हटल्यावर काम बघणाऱ्यासाठी होऊ लागतं. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी रोज चार वाजता ॲपवर प्रत्येक मुलाचा हसरा फोटो यायचा. पालक खूश. आता हिशोब करा. पंधरा मुलांचे पंधरा चांगले फोटो काढायला एका मावशीचा अर्धा तास तरी जाणार, आणि त्या वेळात तिच्या हातात मूल नसून मोबाइल असणार.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. 'कोडपैकी किती टक्के भाग टेस्ट होतो' हा आकडा मॅनेजरने टार्गेट केला, की काहीही न तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या जातात. आकडा ९० वर जातो आणि बग आहेत तिथेच राहतात. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनाच्या धोरणाबद्दल जे निरीक्षण मांडलं, त्याचा आज सगळीकडे सांगितला जाणारा अर्थ हाच आहे. मोजमापाचं उद्दिष्ट केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. सरकारी पातळीवर हेच वेगळ्या रूपात दिसतं. अंगणवाडी सेविकेच्या कामात वजनं, उंची, आहार यांच्या नोंदी मोबाइलवर भरायचं काम आलं. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन धड चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं, या त्यांच्या तक्रारी होत्या. वजनाची नोंद महत्त्वाचीच आहे, तिच्याशिवाय कुपोषण वेळेत कळत नाही. पण नोंद ठेवण्याचा भार काळजी घेणाऱ्याच्याच वेळेतून कापला जातो, आणि ही कपात कुठल्याच नोंदीत येत नाही.

तरीही माझ्या धंद्यातली एक सवय इथे उपयोगी पडली. सर्व्हर किती वेगाने उत्तर देतो हे पाहताना आम्ही सरासरीवर विसंबत नाही. सरासरी छान असते आणि तरी शंभरातल्या एका युजरचं पान उघडतच नाही. म्हणून सगळ्यात हळू उत्तर मिळालेल्या त्या एकाचा आकडा वेगळा बघतो. पाळणाघरालाही हाच प्रश्न विचारावा. इथला सगळ्यात वाईट तास कोणता, आणि त्या तासात सगळ्यात कमी लाडकं मूल कसं वागवलं जातं? गोड, गुटगुटीत, लगेच हसणारं मूल कुठेही सांभाळलं जातं. नाक सतत वाहणारं, चावणारं, उशिरा बोलणारं मूल असतं तिथे जागेची खरी परीक्षा होते. आपलं मूल आज पहिल्या गटात असलं तरी तापाच्या आठवड्यात ते दुसऱ्या गटात जाणारच आहे.

म्हणून ताईला मी सुचवलं की सकाळी अकराची ठरवून दिलेली भेट नको, साडेबाराला जेवणाच्या वेळी जाऊ. ठरवून दिलेली भेट म्हणजे डेमो. एका ठिकाणी जेवणाच्या वेळी यायला नकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणच्या काकू म्हणाल्या, "केव्हाही या, पण चपला बाहेर काढा." तिथे एक मावशी एका मुलीला वरणभात भरवत होती. पलीकडच्या मुलाने वाटी उपडी केली. मावशी उठायच्या आधी हातातल्या मुलीला म्हणाली, "थांब हं, त्याला पुसते आणि आलेच." ती आलीही. बुडापेस्टमध्ये एमी पिकलर यांनी १९४६ साली सुरू केलेल्या बालगृहात हाच आग्रह होता. मुलाला उचलण्याआधी त्याला सांगायचं, लंगोट बदलणं हे उरकायचं काम न समजता त्या मुलाबरोबरचा वेळ समजायचं. या मावशीने पिकलरचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही. ती वर्षाच्या मुलीला सांगून उठत होती एवढंच.

काकूंना आम्ही विचारलं, मावश्या किती वर्षं आहेत? एक सहा वर्षं, एक चार. माझ्या शीटमधला सगळ्यात बोलका आकडा हाच ठरला, आणि सगळ्यात अवघडही. कारण मावशी टिकते ती पगार बरा असला तर. धरून चालू की फी महिना ६,००० रुपये आहे आणि एका मावशीकडे चारच मुलं हवीत. झाले २४,०००. यातून जागेचं भाडं, जेवण, वीज आणि काकूंची मिळकत वजा करा आणि मावशीच्या हातात काय उरतं ते बघा. आपल्याला कमी फी हवी, कमी मुलं हवीत आणि मावशीने जीव लावलेलाही हवा. तिसरी गोष्ट आपण तिच्याकडून फुकट मागतो. त्या मावशीचं स्वतःचं मूल त्या वेळी कुठे आहे, हा कॉलम कुणाच्याच शीटमध्ये नसतो. म्हणजे पाळणाघराला मार्क देणारा माणूस तटस्थ परीक्षक नाहीच. त्या दर्जाची किंमत ठरवणारा तोच आहे, आणि त्यामुळे त्या दर्जाला थोडाफार जबाबदारही.

ताईने काकूंचं पाळणाघर निवडलं. फी शीटमधल्या सगळ्यात स्वस्त जागेपेक्षा दीड हजारने जास्त होती आणि कॅमेरा नव्हता. कॅमेरा नसल्याची धाकधूक तिला आजही आहे, आणि ती चुकीची आहे असं मला वाटत नाही. तिच्या बदल्यात ताई रोज दहा मिनिटं आधी निघते आणि आत जाऊन बसते. दाजी कधीमधी न सांगता दुपारी डोकावतात. एकदा मार्क देऊन मोकळं होण्याची सोय या कामात नाही. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने बघत राहणं हाच पालकांच्या वाट्याचा काळजीचा भाग आहे, आणि तो फी भरून संपत नाही.

भाची आता अडीच वर्षांची आहे. मध्यंतरी ती बाहुलीला जेवू घालत होती. ताईने तिला हाक मारली, तेव्हा तिने आधी बाहुलीकडे बघून "थांब हं, आलेच" म्हटलं आणि मग उठली. एवढ्याने सगळं सिद्ध होत नाही. पण मुलांची साक्ष येते ती अशीच, उशिरा आणि आडून. ती ऐकायला त्या वेळी खोलीत कोणीतरी असावं लागतं.