आहे तशी विकणे आहे



वस्तू विकताना तिच्यातला दोष आपण होऊन सांगायचा, की गिऱ्हाइकाने विचारेपर्यंत गप्प राहायचे, हा प्रश्न आठवडी बाजाराइतकाच जुना आहे. या वेळी तो एका मोटारीच्या निमित्ताने समोर आला. आपल्या धर्मग्रामातून अमेरिकेत गेलेले आणि आता मिशिगन राज्यात राहणारे एक गृहस्थ आपली जुनी स्टेशन वॅगन विकायला निघाले आहेत. तिची दुरुस्ती अर्धी झाली आहे, अर्धी राहिली आहे. "फादर, गिऱ्हाइकाला मी किती सांगायला बांधील आहे?" असे त्यांनी पत्रातून विचारले. उत्तर लिहिता लिहिता लांबले. त्यातला बराचसा भाग आपल्या सर्वांच्या कामाचा वाटला, म्हणून त्यांच्या परवानगीने येथे देतो.

आधी गाडीविषयी. ती १९६५ सालची फोर्ड कंट्री स्क्वायर आहे. लांबी सतरा फुटांहून जास्त, पुढे व्ही-८ इंजिन, मागे सामानाला आणि मुलाबाळांना ऐसपैस जागा. रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि त्यांच्या पेट्या आणणारी गाडी म्हणून या प्रकाराला स्टेशन वॅगन हे नाव पडले. पुढे दोन-तीन पिढ्या अमेरिकन कुटुंबे अशाच गाड्यांतून रविवारी चर्चला आणि सुट्टीत आजीकडे गेली. कंट्री स्क्वायर हे नाव १९५० पासून १९९१ पर्यंत चालले. सुरुवातीच्या गाड्यांना खरे लाकूड असे. पुढे सगळा सांगाडा पोलादाचा झाला आणि दारांवर लाकडाच्या नक्षीचा प्लास्टिकचा कागद चिकटवला जाऊ लागला.

आता हा नकली लाकडाचा कागद म्हणजे खोटेपणा झाला का? मला तसे वाटत नाही. ते लाकूड नाही हे बनवणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही ठाऊक. जिथे कोणी फसत नाही तिथे फसवणूक नाही. पण त्याच कागदाच्या मागे पाणी साचून पत्रा गंजतो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीचे काय करते हे समुद्रकाठच्या आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको. कुजलेला पत्रा कापून नवा जोडण्याऐवजी भोकात पुट्टी भरली, वर रंग मारला आणि त्यावर नवा कागद लावला, तर गाडी फोटोत देखणी दिसेल. कागद तोच, पण आता तो खोटे बोलू लागला. (जाणकार गिऱ्हाईक फडक्यात गुंडाळलेले चुंबक फिरवून पाहतात. पुट्टीवर चुंबक चिकटत नाही.)

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिका'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात सत्त्याहत्तरावा प्रश्न पूर्णपणे खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीला दिला आहे. त्यांचे उदाहरण घोड्याचे आहे. घोडा एका डोळ्याचा असेल आणि किंमत त्या हिशेबाने कमी केलेली असेल, तर विकणाऱ्याने ओरडून सांगायची गरज नाही, कारण दोष समोर दिसतो आहे. परंतु दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका असेल, तर सांगितलेच पाहिजे. त्या गृहस्थांच्या गाडीला हे लावून पाहू. आसनांची कापडे फाटली आहेत, हे गिऱ्हाइकाला दिसेल. ब्रेकचे तसे नाही. त्या काळच्या या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारी व्यवस्था एकच असे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकन गाड्यांत दुहेरी व्यवस्था सर्रास आली ती १९६७ च्या सुमारास. शिवाय जुनी रबरी नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतून फुगलेली असते. ज्या गाडीत मागे मुले बसणार, तिच्या ब्रेकचे काम झालेले नाही हे न सांगणे म्हणजे मी किमतीची लबाडी म्हणणार नाही. ते पाचव्या आज्ञेच्या हद्दीत जाते.

कायदा मात्र इतके मागत नाही. अमेरिकेत १९८५ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला खिडकीवर माहितीपत्रक लावून, हमी आहे की गाडी 'आहे तशी' विकली जात आहे, हे सांगावे लागते. आपल्या घरची एखादी गाडी विकणाऱ्याला तो नियम लागू नाही. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदा पाहा. त्याच्या सतराव्या कलमातही घोडाच आहे! घोडा सदोष आहे हे ठाऊक असून विकणारा काही बोलला नाही, तर तेवढ्याने ती फसवणूक होत नाही, असे तिथे उदाहरण दिले आहे. मात्र लगेच पुढचे उदाहरण येते: घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. हे कलम वाचले की मला दयाळू शोमरोनी आठवतो. "माझा शेजारी कोण?" हे विचारणाऱ्या शास्त्र्याला नाते कुठे संपते हे जाणून घ्यायचे होते. प्रभू येशूने त्याला ती रेघ आखून दिली नाही. ख्रिस्ती माणसाला पहिले उदाहरण वापरता येत नाही. फाटकातून आत येणारे प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्यासाठी दुसऱ्या उदाहरणातली मुलगी असते.

"पण फादर, मलाच सगळे ठाऊक नाही," असे त्यांनी लिहिले होते. अर्ध्या दुरुस्तीच्या गाडीची खरी अडचण हीच आहे. इंजिन त्यांनी स्वतः उघडून बसवले, ते त्यांना पाठ आहे. पुढच्या सीटखालचा गालिचा मात्र त्यांनी कधी उचललाच नाही. का नाही उचलला? नीतिशास्त्रात अज्ञानाचे दोन प्रकार आम्हाला सेमिनरीत शिकवले होते. एक, कितीही झटले तरी दूर न होणारे. दुसरे, थोड्या कष्टाने दूर होणारे, पण माणूस ते जपून ठेवतो, कारण कळले तर वागावे लागेल. गालिचा उचलला तर गंजलेली फरशी दिसेल, आणि दिसली की सांगावी लागेल. असे अज्ञान माणसाला दोषमुक्त करत नाही. म्हणून मी त्यांना कळवले की गाडी दाखवण्याआधी गालिचा उचला, किंवा गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की मी तो उचललेला नाही, हवा तर तुम्ही उचला. 'आहे तशी' या शब्दांचा प्रामाणिक अर्थ एवढाच: जे मला ठाऊक नाही त्याचा धोका आपण किमतीत वाटून घेऊ. जे मला ठाऊक आहे ते त्या शब्दांखाली ढकलता येत नाही. आणि "थोडेच काम राहिले आहे" हे वाक्य तर जाहिरातीतून काढूनच टाकावे. अर्धवट बांधलेले घर ज्याने विकत घेतले आहे त्याला या वाक्याची किंमत विचारा.

गप्प बसण्याचा फटका एका गिऱ्हाइकापुरता राहत नाही. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या तिघांत तो होता. त्याचे म्हणणे साधे आहे. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो सगळ्यांना मधलीच किंमत देतो. मग चांगल्या गाडीचा मालक ती विकायला काढतच नाही. बाजारात उरते ती रद्दी.

आता किंमत. समजा, या गृहस्थांनी सुट्या भागांवर पंधरा हजार डॉलर खर्च केले आणि त्यावर दहा वर्षांचे शनिवार घातले. तेवढे पैसे बहुधा परत येणार नाहीत. ते मागणे पाप नाही, पण ते शनिवार त्यांनी आनंदाने घालवले होते, मुलाला पाना कसा धरायचा ते शिकवले होते. त्याचे मोल त्यांना तेव्हाच मिळाले. अक्वायनस म्हणतात की वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्याचे काही नुकसान होत असेल तर ते किमतीत धरता येते. पण घेणाऱ्याची गरज किंवा ओढ पाहून किंमत चढवता येत नाही, कारण ती ओढ विकणाऱ्याच्या मालकीची नाही. एखाद्या माणसाला या गाडीत आपले बालपण दिसले आणि त्याचे डोळे भरून आले, तर आकडा वाढवू नये. त्याने राजीखुशीने चार पैसे जास्त दिले तर ते घ्यायला हरकत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (क्र. २४०९) दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवण्याला सातव्या आज्ञेचा भंग म्हणते.

घेणाऱ्यांनीही फार सुखावू नये. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे, ते "वाईट आहे, वाईट आहे" म्हणत घासाघीस करते आणि घरी जाऊन बढाई मारते. नवऱ्याच्या मागे कोठारात पडलेली जुनी गाडी विधवा भंगाराच्या भावात देते, आणि घेणाऱ्याला तिची खरी किंमत ठाऊक असते, असे अमेरिकेतही घडते. आपल्याकडे गाडीच्या जागी आजीचे दागिने किंवा रस्त्याकडेची जमीन असते. संत ऑगस्टीन आपल्याला माहीत असलेल्या एका माणसाविषयी सांगतात: त्याच्याकडे एक हस्तलिखित विकायला आले, विकणाऱ्याला त्याचे मोल कळत नव्हते, आणि त्या माणसाने अपेक्षा नसताना त्याला योग्य किंमत दिली.

राहता राहिला, ज्याने आधीच गप्प राहून विकले आहे त्याचा प्रश्न. हा मला पत्रांपेक्षा पापनिवेदनाच्या वेळी जास्त भेटतो, आणि तेव्हा तो मोटारीचा नसतो, उन्हाळ्यात खारट होणाऱ्या विहिरीचा किंवा गळक्या फ्लॅटचा असतो. तीन नमो मरिया म्हणून हे मिटत नाही. अन्यायाने आलेला पैसा परत करणे हा पश्चात्तापाचाच भाग आहे. दोष विकताना खरोखर ठाऊक नव्हता आणि नंतर कळला, तरी भरपाई द्यावी लागते, असे अक्वायनस सांगतात. तिथे पाप नसते, देणे असते. बहुतेकांना वाटते की सगळा व्यवहार मोडावा लागेल, आणि त्या भीतीने ते काहीच करत नाहीत. तसे नाही. दोष सांगितला असता तर जी किंमत आली असती, तिच्यात आणि घेतलेल्या किमतीत जो फरक आहे, तेवढाच परत करायचा. आकडा ठरत नसेल तर दोघांना मान्य होईल असा जाणकार मध्ये घ्यावा. एकरकमी जमत नसेल तर हप्त्याने द्यावे. धोक्याचा दोष असेल तर मात्र पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी फोन करावा.