वाटणी आणि ओवाळणी

भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. आमची जमीन अलीकडे. अक्काला दिली ती पलीकडे. दर दिवाळीत ती नदी ओलांडून माहेरी येते, आणि भाऊबीजेला पाटावर बसलो की माझी नजर काही तिच्या नजरेला भिडत नाही. त्याचे कारण सांगण्यापूर्वी आमच्या घरातली एक जुनी वाटणी सांगितली पाहिजे.

पणजोबांच्या मागे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, असे ठरले. त्यामुळे वाटे पाडणाराचा हात आपोआप सरळ राहिला! काळ्या रानाचे दोन तुकडे, माळाचेही दोन. विहीर कापता येईना, म्हणून मोटेच्या पाळ्या बांधल्या. बांधावरच्या आंब्याची फळे उतरवून मोजून निम्मी करायची. बैलजोडी एकाला; गाय, पांभर आणि कुळव दुसऱ्याला. कणगीतली ज्वारी पायलीने मापली. देवांचे टाक थोरल्याकडे राहिले. एक तांब्याचा हंडा उरला, तो मोडीत घालून पैसे वाटून घेतले. इतका काटेकोर हिशेब! आणि या दोघांना तीन बहिणी होत्या. त्यांचे नाव त्या दिवशी कोणी काढले नाही.

याच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद आहे, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हक्क मिळे. पण बापाचे कर्जही त्याच्याच डोक्यावर येई. १८६६ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात ही जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती ठेवली, तरी ओझे सरले नाही. १८७४ च्या डिसेंबरात आमच्याच तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगा उसळला. लोकांना हवी होती ती सावकारांची खते. पुढे सरकारी चौकशीत कारणे मांडली गेली, त्यांत बापजाद्यांचे कर्ज होतेच. म्हणून आजोबा म्हणत, ‘‘लेकींना जमीन नाही, पण सावकारही नाही.’’

मला हे पुष्कळ दिवस पटत असे. मग ध्यानात आले, की सावकार दारी आला म्हणजे घरातल्या सुनेच्या अंगावरचे डाग आधी गहाण पडत. माहेरच्या कर्जातून सुटलेली लेक सासरचे फेडीतच होती.

२००५ साली कायद्याने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि त्याच कायद्याने बापाचे कर्ज फेडण्याचे मुलाचे ते जुने धर्मबंधनही पुढच्या कर्जांपुरते काढून टाकले. युक्तिवादाचा पायच गेला. पण तालुक्याच्या गावी हक्कसोडपत्रे होत राहिली. वडील वारल्यावर अक्कानेही केले. कारकुनाने विचारले, ‘‘राजीखुशीनं ना?’’ ती म्हणाली, ‘‘भावापेक्षा जमीन मोठी आहे का?’’ सगळ्यांनी तिची वाहवा केली. मी खाली मान घालून उभा होतो. तिला विचारले मात्र कोणीच नव्हते, मीही नाही. सही केली नसती, तर पुढच्या दिवाळीला ती कोणत्या घरी आली असती? ‘नाही’ म्हणायची सोयच नसेल, तर त्या ‘हो’ला दान म्हणावे काय?

तीन वर्षांपूर्वी तिने सहज विचारले, ‘‘आता तिकडं गुंठा कितीला जातो रे?’’ चासकमानच्या कालव्याने आमच्या भागाचे भाव बदलले आहेत. मी निम्मा आकडा सांगितला. तिने काही मागितले नव्हते, तरी मी खोटे बोललो. माझ्या कादंबरीत असा भाऊ आला असता, तर त्याला मी सोडला नसता. शाळेत पोरांना अपूर्णांक शिकवतो, ते वेगळेच.

आजोबांनी बहिणींना वगळले, पण वाटे पाडून पहिली उचल तरी धाकट्याला दिली. मी वाटेही पाडले आणि उचललेही मीच.

परवा तिचा फोन आला. यंदा भाचीलाही घेऊन येणार आहे. सातबारा काढून ठेवला आहे. बायकोशी अजून बोललो नाही, तेही बोलले पाहिजे. विहिरीकडचे रान मधून बांध घालण्यासारखे आहे. काल संध्याकाळी जाऊन पावलांनी मोजून आलो.