पांझरेचा गाळ, फुनाफुटीचा बांध

धुळ्याच्या देवपुरात बसून प्रवाळाचा विचार करणं जरा चमत्कारिकच. समुद्र इथून सुमारे २०० किलोमीटर. पण आमची पांझरा नदी मुडावदला तापीला मिळते, तापी सुरतेच्या पुढे खंभातच्या आखातात शिरते, आणि आपल्या रानातली माती तिथवर पोचते. ती जिथे पडते तिथे पोवळं जगत नाही. त्याला नितळ, उजेड पोचणारं पाणी लागतं. नर्मदा, तापी, मही, साबरमती या चौघींनी खंभात गढूळ करून ठेवलंय. गुजरातचं प्रवाळ आहे ते कच्छच्या आखातात, जिथे एवढ्या मोठ्या नद्या येत नाहीत. तरी काळी मळई आणि लक्षद्वीपची पांढरी पुळण यांचं एक नातं आहे: दोघींच्या घडणीत वादळाचा हात आहे.

बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात. तापीही पश्चिमेलाच वाहते. पाऊस पुराच्या सोबतीने खाली उतरत जातो, त्यामुळे पूर ओसरायच्या ऐवजी फुगत जातो. १९६८ आणि २००६ साली सुरत बुडाली. धुळ्याला पांझरेने १८७२ साली तडाखा दिला होता. असं पाणी खडकाच्या आडोशाला किंवा ओढ्याच्या तोंडाशी थबकलं की तिथे बारीक गाळाचा थर सोडून जातं. पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी अशाच थरांवरून नर्मदा-तापीच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या पुरांचा माग काढला. दरसालचा पूर त्या थरांच्या उंचीवर पोचतच नाही. तिथे नोंद होते ती फक्त मोठ्या दिवसांची. पावसाची सरासरी काढण्यात आयुष्य घालवणाऱ्या आपल्याला हे पचायला जड जातं, पण जमीन सरासरीने घडत नाही.

समुद्रात हेच जास्त उघडपणे दिसतं. ऑक्टोबर १९७२मध्ये बेबे नावाचं चक्रीवादळ प्रशांत महासागरातल्या फुनाफुटी या कंकणद्वीपावर आलं. माणसं गेली, बहुतेक घरं भुईसपाट झाली. आणि वादळ सरलं तेव्हा किनाऱ्यालगत प्रवाळाच्या तुकड्यांचा सुमारे १९ किलोमीटर लांबीचा, ठिकठिकाणी पुरुषभर उंचीहून मोठा बांध उभा होता. पुढच्या वर्षांत लाटांनी तो हळूहळू बेटांकडे ढकलला आणि जमिनीत भर पडली. मोडलेल्या फांद्यांतल्या काही, जागा मिळाली तर, पुन्हा रुजतातही. ‘वादळ बांधतंही’ हे वाक्य २०० किलोमीटरवरून लिहायला सोपं आहे, हे मला कळतं. ज्याचं घर गेलं त्याच्यासमोर ते उच्चारायची माझी छाती नाही.

शिवाय बांधायला माल लागतो. फुनाफुटीचा बांध उभा राहिला, कारण आधीची कित्येक वर्षं प्रवाळ वाढत होतं. लक्षद्वीपचं प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापल्याने पांढरं पडलं, त्यातलं बरंच मेलं. त्यावर डिसेंबर २०१७मध्ये ओखी आलं. हेच वादळ पुढे वर सरकत सुरतेच्या दिशेने येऊन विरलं. मेलेलं प्रवाळ लाटा एकदाच फोडतात आणि वापरतात. मागून नवं वाढलं नाही, तर पुढच्या वादळाला न्यायला किनाराच उरतो.

आमच्याकडे कोठार रिकामं करायला समुद्र तापावा लागला नाही. बेबेच्याच वर्षी, १९७२ साली, उकाई धरण पूर्ण झालं. तापीचा बराच गाळ आता त्याच्या तळाशी बसतो. नदीपात्रातली वाळू डंपरने बांधकामावर जाते. मग पूर आला की रिकाम्या हाताचं पाणी काठ खातं.

यात सरकारी हिशेब मला फार मनोरंजक वाटतो. पुरानंतरच्या मदतीच्या निकषांत शेतात तीन इंचांहून जाड गाळ साचला तर ते नुकसान. ते बऱ्याचदा खरंही असतं: वाळू बसली तर रान जातं, मळई बसली तर पिकतं. पण त्याच महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आहे, म्हणजे पुराने फुकट पसरला असता तो गाळ यंत्राने उकरून शेतात नेऊन टाकायचा. धरणं बांधून बसल्यावर हे शहाणपणाचंच म्हणायचं. नदीला तिची वाळू परत करणारी योजना मात्र अजून माझ्या ऐकिवात नाही.