गोळीच्या आत काय आहे?

शिराळा तालुका भाताचा. तेथे साळीचे पोते घेणारा गिऱ्हाईक वरचे दाणे पाहून समाधान मानत नाही. आत हात घालतो, तळाची मूठ काढतो, तळहातावर चोळून पाहतो. विकणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही बाजारात धान्याच्या राशीत असाच हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही, हे स्पष्ट केले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपल्या परिचयाची आहे.

परंतु औषधाच्या गोळीत हात कसा घालावा? नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या शासकीय रुग्णालयातून मार्च 2023 मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचा नमुना घेण्यात आला. अहवाल डिसेंबरात आला : गोळीत औषधच नव्हते. पुढील तपासात टाल्कम पावडर व स्टार्चचा उल्लेख आला. पाकीट मात्र व्यवस्थित छापलेले!

प्रयोगशाळेत गोळी विरघळवून तो द्रव बारीक कणांनी भरलेल्या नळीतून दाबाने पुढे ढकलतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते. शुद्ध औषधाशी तुलना केली की काय आहे आणि किती आहे ते कळते. राशीत घातलेला हात तो हाच.

अशी तपासणी म्हणजे बदगुमानी, असे कोणी म्हणेल. सूरह हुजुरातने बदगुमानीपासून रोखले आहे, हे खरे. परंतु त्याच सूरहमध्ये खबरीची शहानिशा करण्याचा आदेशही आहे. गुमान माणसाविषयी असतो, तपासणी वस्तूची. 12व्या शतकात शैजरी यांनी बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबासाठी ग्रंथ लिहिला, त्यात औषधांतील भेसळ ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. अफू पाण्यात विरघळवल्यावर केशरासारखा वास आला, तर ती भेसळीची समजावी, ही त्यांतील एक.

मग दोष कोणाचा? ओले धान्य गिऱ्हाईक परत करू शकतो. पोटात गेलेली गोळी रुग्ण परत करू शकत नाही, आणि ताप का उतरला नाही हेही त्याला कळत नाही. म्हणून जाणून घेण्याची जबाबदारी ज्याला जाणता येते त्याच्याकडे जाते. बिलाशिवाय, अशक्य वाटावा इतक्या स्वस्त दराने माल घेणाऱ्या दुकानदाराचे ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर माझ्या मते पुरेसे नाही. न कळणे त्याने स्वतः निवडलेले असते. आणि नमुना घेऊन नऊ महिने अहवालाची वाट पाहणाऱ्या व्यवस्थेलाही हाच प्रश्न विचारावा लागेल, कारण त्या काळात रुग्णांचे आजार थांबून राहत नाहीत.