चौथ्या भागानंतरची टाळी

मी सेकंड इयरला असतानाची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या संगीत मंडळाला दक्षिण मुंबईतल्या एका कॉयरच्या कार्यक्रमाचे १२ पास मिळाले. डोंबिवलीहून सगळ्यांना वेळेत आणि बऱ्या कपड्यांत तिथे नेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण आमच्यात वेस्टर्न क्लासिकलबद्दल चार गोष्टी माहीत असलेला मी एकटाच होतो. चारच. त्यातल्या तीन यूट्यूबवरच्या.

आदल्या रात्री मी ग्रुपवर सूचना टाकल्या. दहा मिनिटं आधी जागेवर बसा. फोन सायलेंट नाही, बंद. खोकला असेल तर गोळीचा कागद आधीच काढून ठेवा. मध्ये उठू नका. आणि शेवटी ठळक अक्षरांत: एक भाग संपला म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. सगळी रचना संपेल, कंडक्टर हात खाली घेईल, मग.

एका मित्राने लगेच विचारलं, "मग त्यांना कळणार कसं, आवडलं ते?" मी अंगठा पाठवला.

या मित्राचं नाव लिहिलेलं त्याला आवडणार नाही. त्याच्या घरी दर एकादशीला भजन असतं, वडील पखवाज वाजवतात. तिथे श्रोता असा कुणी नसतोच. येऊन बसलात की हातात टाळ येतात.

कार्यक्रमात फोरेचं 'रेक्विएम' होतं. मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना, सात भाग, मिळून साधारण ३५ मिनिटं. १८८८ साली पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा पाचच भाग होते आणि ती मैफल नव्हतीच, गेलेल्या एका माणसासाठीची मिस्सा होती. तिथे टाळ्यांचा प्रश्न कुणाला पडला नसणार.

चौथ्या भागात सगळा कॉयर गप्प उभा राहतो. एकच उंच आवाज गातो, मागे ऑर्गन. त्या बाईंचा आवाज थांबला आणि सभागृहात अशी शांतता झाली की एसीची घरघर ऐकू यायला लागली. माझ्या शेजारी मित्र डोळे मिटून बसला होता. त्याच्या तोंडून हलकेच "वा" निघालं आणि हात जुळले. दोन टाळ्या. त्या शांततेत दोन म्हणजे खूप झाल्या.

मी मागे वळून पाहिलं. मग त्याचं मनगट धरलं आणि दात आवळून म्हणालो, "गप्प बस ना." त्याने डोळे उघडले. पुढचे तीन भाग त्याचे हात मांडीवर तसेच, कुणी ठेवून दिल्यासारखे पडून होते.

ते तीन भाग मला आजही नीट आठवत नाहीत. मी मोजत होतो. पाच झाले, आता सहा. सहाव्यात पुढच्या महागड्या रांगेत कुणाचं तरी घड्याळ वाजलं. तिकडे कुणी वळून पाहिलं नाही, मीही नाही.

नंतर मी बरंच वाचलं. खरं सांगायचं तर स्वतःच्या बाजूने काही सापडतंय का ते शोधत होतो. सापडलं भलतंच. १७७८ मध्ये पॅरिसमध्ये मोझार्टची सिम्फनी चालू असताना लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या, आणि त्याने वडिलांना खुशीत तसं कळवलं. ही जागा लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून शेवटाकडे ती त्याने पुन्हा घेतली होती. आपल्याकडे गवय्याला दाद मिळाली की तो ती जागा पुन्हा दाखवतो, तसंच हे. म्हणजे मी 'परंपरा' म्हणून जे ग्रुपवर टाकलं, ते मोझार्टला माहीतही नव्हतं.

वाग्नरचा किस्सा तर फारच मजेशीर. १८८२ मध्ये बायरॉइटला 'पार्सिफाल'च्या वेळी गंभीर वातावरण मोडू नये म्हणून त्याने काही सूचना केल्या. लोकांनी त्या इतक्या मनावर घेतल्या की पुढच्या एका प्रयोगात त्यानेच न राहवून "ब्राव्हो" म्हटलं, तर श्रोत्यांनी त्यालाच शूः करून गप्प केलं.

पण डोक्यात राहिली ती डब्लिनची गोष्ट. १७४२ मध्ये तिथे हेंडेलचं 'मसाया' पहिल्यांदा झालं. बायकांनी घेरदार सांगाड्याचे झगे घालून येऊ नये, पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी विनंती आधी छापली होती. कारण काय, तर जागा वाचेल आणि जास्त माणसं मावतील. मिळकत कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी आणि रुग्णालयांसाठी जाणार होती. तोही शिष्टाचारच. माझ्या यादीतल्या एकाही ओळीमुळे सभागृहात एक माणूस जास्त मावला नसता.

तरी 'नियम गेले चुलीत' असं मला म्हणता येत नाही. कॉयरला सहसा माइक नसतो. लांबलचक सूर धरायचा असला की गायक आळीपाळीने श्वास घेतात. शेजारचा घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही, म्हणजे सूर कुठे तुटत नाही. चाळीस माणसं आपापला श्वास लपवत असतील तर समोरच्यांनी फोन बंद ठेवणं ही काही मोठी मागणी नाही. दोन भागांमधली शांतताही काही वेळा गाण्यातलीच असते. त्या संध्याकाळी ती होती, आणि मित्राने ती मोडली. कुणाचं तरी त्यात काही गेलं असणार.

आणि आपली मैफल फार मोकळी, त्यांचीच ताठ, हेही खरं नाही. समेच्या आधीच "वा" म्हणणाऱ्याकडे पुढची अख्खी रांग कशी वळून बघते, ते मी पाहिलं आहे. तिथेही 'हा आपल्यातला नाही' हे एका नजरेत सांगून होतं.

म्हणजे मी बरोबरच होतो. काही महिने मी हे उत्तर बाळगलं. मित्र मात्र मंडळात येईनासा झाला. पुढच्या वेळी पास आले तेव्हा म्हणाला, त्या दिवशी एकादशी आहे, घरी भजन आहे. मी कॅलेंडर पाहिलं. नवमी होती.

गेल्या वर्षी आषाढीला त्याच्या आईने मला जेवायला बोलावलं, उपवासाचंच. आधी भजन. माझ्या हातात टाळ आले. लय वाढली तसा मी घसरलो, माझे टाळ भलतीकडेच वाजायला लागले. बंद करावेत म्हणून हात खाली घेतले, तर त्याच्या वडिलांनी माझ्याकडे न बघता पखवाजावरची सगळी नक्षी सोडून दिली आणि साधा ठेका धरला. सम ठसठशीत. दोन आवर्तनांत मला सापडलं. मग ते पुन्हा आपल्या वाजवण्यात रमले. वळून कुणीच पाहिलं नाही. माझ्यामुळे त्यांचं वाजवणं तेवढा वेळ साधं झालं, हे ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल.

नंतर गच्चीत मी त्या संध्याकाळचा विषय काढला. सॉरी म्हणालो, आणि लगेच, सवयीप्रमाणे, शांतता का गरजेची होती तेही सांगितलं. श्वासांचं वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"थांबवलंस ते बरोबर होतं रे," तो म्हणाला. "मला कळलं होतं तेव्हाच. पण माझा हात धरायच्या आधी तू मागे वळून का पाहिलंस?"

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

या डिसेंबरला पुन्हा पास आहेत, कॉयर तोच. त्याला विचारलं. "सूचना पाठव," म्हणाला. वेळेची, फोनची आणि गोळीच्या कागदाची ओळ लिहून झाली आहे. टाळ्यांच्या ओळीवर दोन दिवस अडलोय.