दारफाळणी आणि शिळा सण

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपले की आमच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथे जैन बांधवांचा क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असेल, तर त्याच्यासमोर हात जोडून क्षमा मागायची, अशी ती रीत. ती पाहताना आमच्या मनात प्रश्न उभा राहतो. आम्हीही क्षमा मागतो, परंतु कोणापाशी? या प्रश्नाचा विचार करताना ज्या ज्यू परंपरेत प्रभू येशू लहानाचा मोठा झाला, तिच्याकडे वळणे आम्हांस उचित वाटते.

ती परंपरा आपणांस परकी नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांची बोली मराठी आणि सणांची नावेही मराठी. १७९६ साली त्यांच्यापैकी सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत सभास्थान बांधले. त्याच्या आजच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असा आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. थोडी मुंबई, ठाणे, पुणे व रायगड परिसरात राहिली. ज्यूंचा प्रायश्चित्ताचा महादिवस योम किप्पूर. बेने इस्राएल त्याला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन उपवास व प्रार्थना करण्याचा त्यांचा प्रघात होता. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दान दिले जाई आणि इष्टमित्रांच्या भेटी होत.

मनुष्याच्या चुकीकडे ही परंपरा कोणत्या दृष्टीने पाहते? पापासाठी हिब्रूत ‘हेत’ असा एक शब्द आहे. त्याच धातूचे क्रियापद बायबलमधील शास्ते या ग्रंथात गोफणीचा नेम चुकण्यासाठी आले आहे. पाखरे राखताना गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. नेम चुकला म्हणून हात तोडून टाकायचा नसतो. पुन्हा नेम धरायचा असतो. पश्चात्तापाचा शब्द आहे ‘तेशुवा’, म्हणजे परतणे. मनुष्यात भल्याची आणि बुऱ्याची अशा दोन्ही ओढी आहेत, तो वाट चुकणार, हे धर्मपंडितांनी गृहीत धरले. पण परतीची वाट कोणालाही बंद नाही, असेही त्यांनी ठामपणे सांगितले.

मात्र त्या वाटेवर एक उंबरठा आहे. सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नाची शिकवण अशी, की मनुष्याने देवाविरुद्ध केलेल्या अपराधांचे प्रायश्चित्त त्या महादिवशी होते. परंतु शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या अपराधाचे प्रायश्चित्त, त्या शेजाऱ्याची समजूत घातल्याखेरीज, होत नाही. दुसऱ्याचे देणे देव परस्पर माफ करीत नाही! बाराव्या शतकातील थोर पंडित मायमोनिडीस यांनी हे अधिक स्पष्ट केले. घेतलेले परत करावे, नुकसान भरून द्यावे आणि तरीही क्षमा मागावी. समोरच्याने नाकारले तर तीन माणसांना सोबत नेऊन त्याची विनवणी करावी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावे. एवढ्यानेही तो द्रवला नाही, तर दोष त्याच्याकडे जातो. क्षमा मागणे जसे कर्तव्य, तसेच मन कठोर न ठेवणे हेही.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. एका भावाने वखरताना धुरा दोन तास दुसऱ्याच्या वावरात सरकवला. उपवासकाळात त्याने पापनिवेदन केले, डोळ्यांत पाणीही आले. परंतु धुरा आहे तेथेच आहे आणि भावाभावांत बोलणे नाही. हे परतणे झाले काय? ख्रिस्तसभाही झालेले नुकसान भरून देण्यास सांगते. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करण्याची प्रभूची आज्ञाही आपणांस ठाऊक आहे. विसर पडतो तो आपल्याला. मायमोनिडीस यांच्या मते, तीच संधी पुन्हा आली, हातात बळ होते आणि तरीही मनुष्याने ते पाप टाळले, तर तो पश्चात्ताप पूर्ण. म्हणजे कसोटी पुढल्या पेरणीआधी, वखर धुऱ्याशी आल्यावर आणि कोणी पाहत नसताना!

पण ज्याचा अपराध केला तोच हयात नसेल तर? मायमोनिडीस म्हणतात, दहा माणसे घेऊन त्याच्या थडग्यापाशी जावे आणि अपराध उघड बोलावा. येथे आम्हां कॅथलिकांना मान खाली घालावी लागते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायपीठ स्थापन झाले. भारतातील औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे ज्यू वंशाचे वैद्य गार्सिया द ऑर्ता १५६८ साली वारले; त्यांनी गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा ठपका ठेवून १५८० मध्ये त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. क्षमा मागायला जावे, असे थडगेही आम्ही ठेवले नाही. २६ मार्च २००० रोजी वृद्ध पोप जॉन पॉल दुसरे जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी गेले आणि ज्यूंना भोगाव्या लागलेल्या दुःखांबद्दल देवाची क्षमा मागणारी चिठ्ठी त्यांनी तेथे ठेवली. मृतांच्या वतीने क्षमा करणे कोणा जिवंताच्या हाती नसते. अपराध उघडपणे मान्य करणे मात्र जिवंतांच्या हाती असते.

आमच्या मते, दारफाळणी आणि शिळा सण या दोन्हींची आपल्याला गरज आहे. दार लावून घेतल्याशिवाय स्वतःचे खरे रूप दिसत नाही, आणि दार उघडून बाहेर पडल्याशिवाय त्या दर्शनाचा काही उपयोग होत नाही. पुढच्या वेळी पापनिवेदनाला जाताना आपण वाटेतच एका घराशी थांबू या. ते घर कोणाचे, हे प्रत्येकाला ठाऊक असते.